अण्णांचा होल्डिंग टाइम

गेली काही वर्षं अनंत चतुर्दशीला माझा फोन म्हणजे चौकशी खिडकी झाला होता. "कुमठेकर रस्त्यावरून बाहेर पडता येतं का रे?" "गाडी कुठपर्यंत आणू?" "आई बरोबर आहे, जवळपास स्वच्छतागृह कुठंय?" सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला सगळे बोळ तोंडपाठ असतात असा लोकांचा समज असतो, आणि माझ्या बाबतीत तो खराही आहे. शेवटी वैतागून मी सगळं एकदाच लिहून काढलं आणि इंटरनेटवर टाकलं. लक्ष्मी, टिळक, केळकर, कुमठेकर हे चार रस्ते, ते अलका टॉकीज चौकात येऊन मिळतात म्हणून तिकडून परतायचा विचार का करू नये, कुठल्या बोळातून सुटका होते, आणि एक नकाशा.

त्यासाठी भाड्याने घेतलेला सर्व्हर अगदीच गरीब. एक कोर (प्रोसेसरचा एकच कामकरी), एक जीबी मेमरी. त्यावर अपाची (पानं पाठवणारा प्रोग्राम), पीएचपी (पान बनवणारी भाषा) आणि मायएसक्यूएल (माहिती साठवणारा डेटाबेस). वर्षभर दिवसाला दहा-पंधरा माणसं यायची, त्यातला निम्मा मीच.

17 सप्टेंबर 2024, मंगळवार. विसर्जनाचा दिवस म्हणून आत्याकडे जेवायला गेलो होतो. पावणेतीनला मामेभावाचा फोन, "दादा, तुझं पान उघडत नाहीये. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मीच टाकलं होतं, तिथून पुढे गेलंय." किती पुढे गेलं असेल याचा मला अंदाजच नव्हता. दगडूशेठ पूर्वी मिरवणुकीत रात्री उशिरा निघायचा, 2023 पासून दुपारी चारला निघू लागला. त्यामुळे जी गर्दी रात्रभरात विखरून यायची ती तीन वाजताच घराबाहेर पडायच्या बेतात होती, आणि निघण्यापूर्वी माझं पान बघत होती.

लॅपटॉप उघडला, फोनच्या हॉटस्पॉटवरून सर्व्हरला जोडला आणि जे कोणीही करेल तेच केलं. रीस्टार्ट. पान उघडलं. चार मिनिटांनी परत बंद. पुन्हा रीस्टार्ट, पुन्हा चार मिनिटं. असं तीनदा. बाहेर ढोल-ताशा इतका जोरात की आत्या भाताला "घे" म्हणते की "पुरे" म्हणते तेही कळेना. रीस्टार्ट केलं की आजार तात्पुरता जातो आणि त्याची लक्षणंही जातात, त्यामुळे तीन वेळा मी स्वतःच्या हाताने पुरावा पुसला होता.

चौथ्यांदा हात आवरला आणि यंत्रात आत्ता काय चाललंय ते दाखवणारं टॉप चालवलं. हे साधन 1984 पासूनचं आहे, जवळपास कुठल्याही युनिक्स-लिनक्सवर सापडतं, आणि दिसायला रेल्वेच्या आरक्षणाच्या तक्त्यासारखं आहे. वरच लोड अॅव्हरेजचे, म्हणजे सरासरी किती कामं चालू किंवा रांगेत होती त्याचे, तीन आकडे असतात, गेल्या 1, 5 आणि 15 मिनिटांचे. माझा पहिला आकडा होता 43. एका कोरच्या यंत्रावर 43 म्हणजे एका खुर्चीसाठी 43 जण ताटकळलेले. मी म्हटलं, झालं, प्रोसेसर कमी पडतोय, पैसे भरून मोठा घ्यावा लागणार. कार्डही काढलं होतं खिशातून.

पण खालच्या ओळीत प्रोसेसरचा वापर होता जेमतेम 8 टक्के. 'डब्ल्यूए' नावाचा आकडा मात्र 80च्या वर. प्रोसेसर दमलेला नव्हता, डिस्कची वाट बघत बसला होता. इथे बरेच जण फसतात. लिनक्स लोड मोजताना प्रोसेसरसाठी थांबलेल्यांबरोबर डिस्कसाठी अडकून पडलेल्या प्रोसेसही (चालू असलेले प्रोग्राम) धरतं, 1993 पासून. म्हणून लोड जास्त दिसला की लगेच प्रोसेसरवर आळ घेऊ नये.

मग मेमरीचा हिशेब दाखवणारं फ्री चालवलं. त्यात 'फ्री' नावाच्या रकान्याकडे बघायचं नसतं, लिनक्स रिकामी मेमरी डिस्कच्या कॅशसाठी (डिस्कवरून वाचलेलं हाताशी ठेवायला) वापरून टाकतं आणि तो आकडा कायम भिकारी दिसतो. बघायचा तो 'अव्हेलेबल'. तो होता 19 एमबी. शेवटी व्हीएमस्टॅट, दर सेकंदाला एक ओळ. त्यात 'एसआय' आणि 'एसओ' हे दोन रकाने: स्वॅपमधून (मेमरी कमी पडली की डिस्कवर वापरायची जागा) मेमरीत किती आलं, मेमरीतून स्वॅपमध्ये किती गेलं. निरोगी यंत्रावर दोन्हीकडे शून्यं असतात. माझ्याकडे चार-चार, पाच-पाच आकडी संख्या धावत होत्या. मेमरी संपली होती आणि यंत्र एका हाताने सामान माळ्यावर टाकत, दुसऱ्या हाताने तेच खाली काढत होतं. कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, निरोप डीमेसेज या आज्ञेने वाचले तर तिथे सरळ लिहिलेलं: मेमरी संपली, मायएसक्यूएलची प्रोसेस मारली. अशा वेळी कर्नल सहसा ज्याने सगळ्यात जास्त मेमरी धरलीय त्याचाच बळी देतो. दोष कोणाचा हे तो बघत नाही.

आता मेमरी खातंय कोण? टॉपच्याच सुधारित भावात, एचटॉपमध्ये, मेमरीप्रमाणे क्रम लावला. अपाची, अपाची, अपाची, पानंच्या पानं अपाची. सव्वाशेच्या वर प्रोसेस.

मला वाटलं कोणीतरी मुद्दाम हल्ला करतंय. अॅक्सेस लॉगमधून (कोणी काय मागितलं त्याची नोंदवही) पत्ते वेगळे काढले, मोजले, उतरत्या क्रमाने लावले. एकाच आयपी पत्त्यावरून शेकड्यांनी मागण्या! सापडला चोर म्हणून तो पत्ता फायरवॉलमध्ये बंद केला, आणि माझीच टर्मिनलची खिडकी गोठली. मोबाइल कंपन्यांकडे आयपीव्ही4 (जुन्या पद्धतीचे इंटरनेट) पत्ते कमी, त्यामुळे एकाच पत्त्याआड शेकडो ग्राहक असतात. त्या शेकड्यांत मीही होतो. पेठेतल्या निम्म्या लोकांना आणि स्वतःला मी एका आज्ञेत हाकलून दिलं होतं.

"वायफाय आहे का हो?" मी अण्णांना विचारलं. अण्णा म्हणजे आत्याचे यजमान. टेलिफोन खात्यात आयुष्य गेलं, स्ट्रोजर एक्सचेंजच्या खडखडाटापासून डिजिटलपर्यंत. पासवर्ड त्यांनी डायरीतून वाचून दाखवला. ब्रॉडबँडचा पत्ता वेगळा, त्यामुळे आत शिरलो आणि आधी तो पत्ता मोकळा केला.

"काय झालंय एवढं?" अण्णा खुर्ची ओढून बसले.

"ट्रॅफिक वाढलाय."

"ट्रॅफिक म्हणजे किती अर्लांग?"

मला वाटलं, कान वाजतायत. पण अण्णा गंभीर होते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत आग्नर अर्लांग म्हणून गणिती होता, त्याने 1909 मध्ये फोनच्या गर्दीवर पहिला निबंध लिहिला. एक लाइन तासभर सलग अडकून राहिली की एक अर्लांग. "नुसते कॉल किती हे विचारून एक्सचेंज बांधता येत नाही रे," अण्णा म्हणाले, "कॉल किती आणि प्रत्येक किती वेळ चालतो. गुणाकार कर. तेवढ्या लाइनी एका वेळी अडकलेल्या असतात. तुझ्याकडे होल्डिंग टाइम किती?"

मी म्हटलं, पान तयार व्हायला सेकंदभर.

"आणि मग लाइन सुटते लगेच?"

नव्हती सुटत. हे मला माहीत होतं, पण कधी जोडून बघितलं नव्हतं. अपाचीत 'कीप अलाइव्ह' नावाची सोय असते. पान दिल्यावरही तो 5 सेकंद जोडणी तशीच धरून ठेवतो, ब्राउझरला आणखी काही हवं असलं तर पुन्हा पहिल्यापासून हाक मारायला नको म्हणून. माझ्या जुन्या पद्धतीच्या मांडणीत एक जोडणी म्हणजे एक अख्खी प्रोसेस. म्हणजे एक सेकंद काम आणि पाच सेकंद नुसतं ताटकळणं. शिवाय नकाशा, चिन्हं, रंगसंगतीची फाइल हे सगळं पटपट आणायला ब्राउझर एकाच वेळी चार-पाच जोडण्या उघडतो.

"बोलणं संपलं, पण रिसीव्हर जागेवर ठेवला नाही," अण्णा म्हणाले. "आमच्याकडे सणासुदीला हीच रड."

वर्तमानपत्राच्या समासात गुणाकार झाला. सेकंदाला दोन माणसं, माणशी चार जोडण्या, जोडणीमागे सहा सेकंद. 48. प्रोसेसमागे साधारण 20 एमबी, म्हणजे 960 एमबी. एक जीबीचा सर्व्हर त्यातच संपला, मायएसक्यूएलला बसायला जागा नाही. आणि एकदा स्वॅप सुरू झालं की एका सेकंदाचं काम दहा सेकंदांचं होतं, होल्डिंग टाइम वाढतो, प्रोसेस आणखी वाढतात. सव्वाशे अशा झाल्या. सेकंदाला दोन माणसं, हो! त्यासाठी मी मोठा सर्व्हर विकत घेणार होतो.

(20 एमबी हा आकडा मी नंतर नीट काढला. टॉपमधल्या 'रेस' या, प्रोसेसने धरलेली मेमरी दाखवणाऱ्या रकान्याची नुसती बेरीज केली तर सामायिक मेमरी प्रत्येकाच्या नावावर पुन्हा पुन्हा धरली जाते. एसमेम नावाचं साधन ती वाटून दाखवतं.)

दोन ओळी बदलल्या. कीप अलाइव्ह बंद. आणि एका वेळी जास्तीत जास्त प्रोसेस 150 होत्या त्या 20 केल्या. दुसरा बदल करताना हात थरथरला, गर्दीच्या दिवशी खिडक्या बंद करणारा मी कोण? पण 150 खिडक्यांवर बसायला माणसंच नसतील तर उपयोग काय. वीस जणांना झटपट सोडलं तर बाकीचे कर्नलच्या रांगेत अर्धा-एक सेकंद थांबतात आणि त्यांना ते कळतही नाही. त्यानंतर डेटाबेसमधून दर वेळी पान बनवण्याऐवजी पाच मिनिटांनी एकदा तयार करून साधी एचटीएमएल फाइल ठेवायची सोय केली. तीन ओळींचं काम, पण आत्याने तोवर दोनदा उकडीचे मोदक गरम केले होते.

व्हीएमस्टॅटमध्ये शून्यं दिसू लागली तेव्हा चारला दहा मिनिटं होती. लोड 0.6. मोठा सर्व्हर घेतला नाही, कार्ड परत खिशात गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मिरवणूक अजून चालूच होती, तेव्हा नेमकं किती वाजता काय बिघडलं हे बघावं म्हटलं. बघायला काही नव्हतंच. टॉप वर्तमानकाळ दाखवतं, कालचं काहीच नाही. त्यासाठी सिसस्टॅट लागतं. दर दहा मिनिटांनी ते आकडे टिपून ठेवतं आणि सार या आज्ञेने मागच्या दिवसांचे वाचता येतात. माझ्याकडे ते बसवलेलं होतं, पण डेबियनवर (माझ्या सर्व्हरवरचं लिनक्स) ते बसवल्यावर वेगळं सुरू करावं लागतं आणि मी केलं नव्हतं. लॉगसाठी गोअॅक्सेस घेतलं, टर्मिनलमध्येच कोणतं पान किती वेळा मागितलं गेलं ते चालू दिसतं. लोक कुठून आले हे मात्र बहुतेक रिकामंच होतं, व्हॉट्सअॅपवरून उघडलेल्या दुव्याचा मागचा पत्ता सहसा येत नाही.

अण्णांना याचं वेडच लागलं. त्यांचा विंडोज संगणक सुरू व्हायला चहा होईल एवढा वेळ घ्यायचा आणि दुकानदाराने "नवीन घ्या" सांगितलं होतं. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर काढला. प्रोसेसर रिकामा, डिस्क 100 टक्के. तिथून रिसोर्स मॉनिटर उघडलं की डिस्कच्या टॅबमध्ये कुठली प्रोसेस कुठल्या फाइलला हात लावतेय तेही दिसतं. अँटिव्हायरस आणि शोधाची सूची करणारी सेवा एकाच वेळी जुन्या फिरत्या डिस्कवर तुटून पडल्या होत्या. एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवली, काम झालं. आता ते प्रोसेस एक्सप्लोरर वापरतात. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या दोघांच्या सिसइंटर्नल्सचं हे साधन, 2006 मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच घेतली आणि ते अजूनही फुकट मिळतं. लिनक्सच्या टॉपमध्ये एखादी प्रोसेस 200 टक्के दिसू शकते, कारण तिथे 100 म्हणजे एक कोर, आणि विंडोजमध्ये 100 म्हणजे सगळं यंत्र, हे त्यांनीच मला एकदा फोन करून सुनावलं.

2025 मध्ये अनंत चतुर्दशी 6 सप्टेंबरला, शनिवारी आली. दुसऱ्या दिवशी रात्री चंद्रग्रहण, त्यामुळे चौकशा आणखी वाढल्या. गर्दी आदल्या वर्षीच्या तिपटीवर गेली आणि लोड 1च्या वर गेला नाही. मी जेवणही बसून केलं.

रविवारी सकाळी सारचे आकडे काढले तर एक उंचवटा दिसला, पहाटे तीनला. अण्णांना दाखवला. लॉग बघितला: माणूस एकही नाही, सगळी जुनी पानं एकामागून एक उपसणारे बॉट, म्हणजे आपोआप फिरणारे प्रोग्राम. त्यांना अमुक पानं घेऊ नका असं रोबोट्स टीएक्सटी या फाइलमध्ये सांगता येतं, 1994 पासूनचा संकेत आहे, पण पाळायचा की नाही ते त्यांच्यावरच.

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "राँग नंबर," म्हणाले, आणि आत्याला चहा टाकायला सांगितला.