एकाच पत्त्यावर पाच सर्व्हर

रात्री साडेअकराला आठ नव्या सर्व्हरचं इन्स्टॉलेशन संपलं. मी पुण्यात घरी, मशीन्स नवी मुंबईत महाप्याच्या एका डेटा सेंटरमध्ये. सगळं आपोआप: सर्व्हर पीएक्सईने, म्हणजे नेटवर्कवरून बूट होतो, उबुंटू लिनक्स १८.०४ची आमची तयार इमेज, म्हणजे एका मशीनच्या डिस्कची हुबेहूब नक्कल, डिस्कवर उतरते, स्क्रिप्ट होस्टनेम, म्हणजे मशीनचं नाव घालते, रीबूट. आठही ओळी हिरव्या झाल्या. रीबूटनंतर पिंगला, म्हणजे नेटवर्कवरून मारलेल्या 'आहेस का?' या हाकेला, उत्तर देणारा आयपी पत्ता मात्र एकच.

डेटा सेंटरमधल्या मुलाला फोन लावला. "सर, लाइट तर आठहीवर लुकलुकतायत," तो म्हणाला. तरी मी त्याला दोन केबली बदलायला लावल्याच. आधी केबलवर संशय घ्यायचा, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड. फरक शून्य.

मग त्या एका पत्त्यावर लॉगिन केलं. प्रॉम्प्टवर मशीनचं नाव वेब-०३. दोन कमांड मारेपर्यंत सेशन तुटलं. पुन्हा शिरलो तर वेब-०५! तिसऱ्यांदा वेब-०१. झोप पार उडाली.

एका आयपीवर दुसरं मशीन येऊन बसलं की एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन करायचा प्रोग्राम, एरवी होस्ट की (मशीनची ओळख पटवणारी चावी) बदलल्याची बोंब मारतं. इथे ते गप्प, कारण त्या कीसुद्धा इमेजमधूनच सगळीकडे उतरल्या होत्या. चोर पकडायला ठेवलेला कुत्राच आम्ही घरच्या घरी गुंगवला होता.

मशीन्सना आयपी वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरचा लॉग उघडला. पाच वेगळे मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डांचे स्वतःचे नंबर), पाचांनाही तोच आयपी. आधी मी डीएचसीपीच्या नावाने बोटं मोडली, पण कुणाला कोणता पत्ता दिला त्या नोंदींच्या, म्हणजे लीजच्या फाइलमध्ये पाहिलं तर बिचाऱ्याचं बरोबर होतं. १८.०४मधलं नेटवर्क सांभाळणारं सिस्टमडी-नेटवर्कडी पत्ता मागताना ओळख म्हणून मॅक सांगत नाही, मशीन-आयडी या प्रत्येक इन्स्टॉलेशनच्या खास क्रमांकावरून बनवलेला डीयूआयडी सांगतं. इमेज ज्या मशीनवरून काढली तिची मशीन-आयडी आम्ही पुसलीच नव्हती. डीएचसीपीच्या लेखी पाचही मिळून एकच गिऱ्हाईक.

कन्सोलवरून, म्हणजे नेटवर्क नसतानाही चालणाऱ्या स्क्रीनवरून, एकेका मशीनवर जाऊन मशीन-आयडीची फाइल रिकामी केली. फाइल उडवायची नाही, शून्य बाइटची करून ठेवायची, म्हणजे पुढच्या बूटला नवी आयडी तयार होते. नेटप्लॅनमध्ये, म्हणजे उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या फाइलमध्ये, डीएचसीपी-आयडेंटिफायर 'मॅक' लिहूनही भागलं असतं, पण त्याने रोगाऐवजी ताप उतरला असता. होस्ट कीही नव्या बनवल्या. पाच पत्ते आले.

उरले तीन. त्यांच्या कन्सोलवर 'वेट फॉर नेटवर्क टू बी कॉन्फिगर्ड' ही ओळ दोन मिनिटं रेंगाळायची आणि मग नेटवर्कविनाच लॉगिन यायचं. या तिघांत १० गिगाबिटचं जादा कार्ड होतं. पूर्वी कार्डांना सापडतील त्या क्रमाने ईटीएच०, ईटीएच१ अशी नावं मिळत. २०१३च्या सिस्टमडीच्या (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) १९७व्या आवृत्तीपासून नाव कार्डाच्या जागेवरून ठरायला लागलं: ईएनपी१एस० म्हणजे पीसीआय बस (कार्डांना जोडणारी वाट) १, स्लॉट ०. जादा कार्डाने बसचे आकडे सरकले आणि ऑनबोर्ड, म्हणजे मदरबोर्डवरचा पोर्ट ईएनपी२एस० झाला. आमच्या इमेजमधलं नेटप्लॅन मात्र अजून ईएनपी१एस०ला हाका मारत बसलं होतं. याला 'प्रेडिक्टेबल' नावं म्हणतात. हार्डवेअर एकसारखं असेल तर असतील बापडी.

'ईएन' आणि पुढे तारांकन (म्हणजे ईएनने सुरू होणारं कुठलंही नाव) असं लिहून सुटका करून घ्यायचा मोह झाला, पण मग जादा कार्डाचे पोर्टही डीएचसीपी मागत सुटले असते. म्हणून नेटप्लॅनमधल्या 'मॅच'खाली, म्हणजे कोणतं कार्ड हे सांगायच्या जागी, मॅक अ‍ॅड्रेस टाकायचा ठरवला. रॅकच्या एक्सेलमध्ये प्रत्येक सर्व्हरचा मॅक होताच. स्क्रिप्टने तिथून उचलून प्रत्येकाची वेगळी फाइल लिहायची, एवढाच बदल.

दोन उठले. वेब-०८ हलेना. फाइल बरोबर, मशीन-आयडी नवी, लिंक चालू. पुन्हा फोन.

"दादा, मागच्या स्टिकरवरचा मॅक जरा वाचून दाखव."

"सर, चार, सात, बी..."

"बी? आठ नाही?"

"बी आहे सर. बदलापूरचा बी."

एक्सेलमध्ये आठ होता. भरला मीच होता, एप्रिलमध्ये. सव्वाचारला वेब-०८ने पिंगला उत्तर दिलं.