नाताळात नाशिक: चर्चची फेरी आणि सात जानेवारीचा हिशेब

डिसेंबरअखेर नाशिकला येणारे बहुतेक जण द्राक्षमळे, त्र्यंबकेश्वर नाहीतर शिर्डी करून परततात. आम्ही यंदा खास चर्चसाठी गेलो. १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीने इथे शरणपूरची वसाहत वसवली. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथल्या शाळेत शिकली. त्यांतलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेले प्रवासी-मिशनरी डॉ. लिव्हिंगस्टन यांचा मृतदेह घेऊन निघालेल्या तांड्यात होता. शरणपूर रोडवरून रोज ये-जा करणाऱ्यांनाही हे ठाऊक नसतं, याची मला फार खंत वाटते.

चोवीसच्या रात्री त्र्यंबक रोडच्या होली क्रॉस चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य प्रार्थना, आणि पंचवीसला सकाळी शरणपूर रोडच्या संत आंद्रिया चर्चमध्ये उपासना, असा बेत होता. एक कॅथलिक, दुसरं प्रोटेस्टंट, पण दिवस एकच. उपासनेनंतर आवारात एका मावशींनी करंज्यांचा डबा पुढे केला. त्यांची नात जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत, एमबीबीएस करते. "आमचा नाताळ आज, आणि ती राहते त्या गावाचा सात जानेवारीला. धाकटी नातवंडं विचारतात, येशू दोनदा जन्मला का? काय सांगायचं त्यांना?"

बायबलमध्ये तर जन्माची तारीखच नाही. पंचवीस डिसेंबर ही तारीख रोमच्या चौथ्या शतकातल्या नोंदीत सापडते. जॉर्जिया, रशिया, सर्बियातले ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या परंपरेचे ख्रिस्तीही पंचवीस डिसेंबरच पाळतात, फक्त तो मोजतात ज्युलियस सीझरच्या कॅलेंडरवर. त्या कॅलेंडरचं वर्ष सूर्याच्या वर्षाहून साधारण अकरा मिनिटांनी मोठं. एवढीशी चूक, पण सव्वाशेहून थोड्या अधिक वर्षांत एक दिवस मागे पडतो. १५८२ मध्ये पोप ग्रेगरी तेरावे यांनी ती दुरुस्त केली: ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर. ज्यांनी ही दुरुस्ती स्वीकारली नाही त्यांचं अंतर वाढत गेलं. आज ते तेरा दिवसांचं आहे, म्हणून त्यांचा पंचवीस डिसेंबर आपल्या सात जानेवारीला येतो. २१०१ पासून तो आठ जानेवारीला येईल. आपल्याकडे टिळक पंचांग आणि दाते पंचांग यांत कधी अधिक महिनाच वेगळा पडतो, तसंच हे. सण तोच, गणित वेगळं.

हे आपल्या मातीतही घडून गेलंय. पोर्तुगीज कॅथलिक, त्यांनी नवी पद्धत लगेच घेतली. इंग्रजांनी मात्र १७५२ पर्यंत जुनीच चालवली. म्हणजे शिवकाळात वसईच्या पोर्तुगिजांचा नाताळ झाल्यावर दहा दिवसांनी सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांचा नाताळ! महाराजांच्या राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखसुद्धा जुन्या पद्धतीची. आजच्या हिशेबाने ती १६ जून होते. शरणपूर वसलं ते इंग्रजांनी कॅलेंडर बदलल्यानंतर शंभर वर्षांनी, म्हणून नाशिकमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट नाताळ कधी वेगळा पडलाच नाही.

मात्र सगळंच कॅलेंडरवर ढकलता येत नाही. आर्मेनियन चर्च सहा जानेवारीला जन्म आणि बाप्तिस्मा एकत्र साजरा करतं. ती जुनीच प्रथा त्यांनी सोडली नाही. जेरुसलेमचे आर्मेनियन तोच सहा जानेवारी जुन्या कॅलेंडरने धरतात, म्हणजे आपला एकोणीस. ग्रीस, रुमानियाचे ऑर्थोडॉक्स आपल्या पंचवीसलाच करतात, आणि युक्रेनच्या ऑर्थोडॉक्स चर्चनेही २०२३ पासून पंचवीस डिसेंबर स्वीकारला. मावशींना एवढं सगळं सांगितलं नाही. "देव तोच, कॅलेंडर वेगळं," म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "मग नातीला दोन्ही दिवशी फोन करते." याहून चांगलं उत्तर मला सुचलं नसतं.

जाणाऱ्यांसाठी थोडं. रेल्वेने आलात तर नाशिकरोडला उतरायचं आणि शहरात यायला रिक्षा किंवा सिटीलिंक बस; चोवीसच्या रात्री परतीची रिक्षा आधीच ठरवून ठेवा. खोलीचं बुकिंग महिनाभर आधी करा, कारण वर्षअखेरीस शहर भरलेलं असतं. थंडी बोचरी असते, आणि मिस्सा संपून बाहेर पडल्यावर जास्तच. स्वेटर, कानटोपी हवीच. बसायला जागा हवी तर तासभर आधी पोहोचा. वेळा दरवर्षी थोड्या बदलतात, त्या चर्चच्या फलकावर आदल्या दिवशी पाहून घ्या. मिस्सेत पवित्र भाकर घ्यायला रांग लागते, ती बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असते. आपण जागेवरच बसावं. उपासना चालू असताना मोबाइल समोर धरू नका, फोटो नंतर विचारून काढा, कुणी नाही म्हणत नाही.

डिसेंबरात जमत नसेल तर फेब्रुवारीत या. नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिराची यात्रा दुसऱ्या शनिवार-रविवारी असते आणि मुंबई-गोव्याकडून भाविकांची रीघ लागते. त्या दोन दिवसांत पुणे रस्त्याने गाडी नेऊ नका, स्टेशनकडून चालत जा.