७०००७ नावाचं कुणीच नाही

माझ्याकडच्या एका सर्व्हरवर तीसेक व्हर्च्युअल मशीन चालतात. बरीच वर्षं ती सगळी एकाच यूजरखाली चालत होती आणि ते मला खटकायचं. प्रत्येक मशीन क्यूएमू नावाच्या प्रोग्रॅमच्या पोटात चालतं. एका मशीनमधून कुणी क्यूएमूपर्यंत पोचलाच, तर शेजारच्या क्यूएमूचा यूआयडीही (यूजरचा ओळख-आकडा) तोच. मग त्याला सिग्नल पाठवा, त्याच्या डिस्कची फाइल उघडा, रान मोकळं.

म्हणून प्रत्येक मशीनला वेगळा यूजर काढला. त्यातही फसलो. यूजरॲड ही लिनक्समधली यूजर बनवायची आज्ञा साधारणपणे असलेल्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या पुढचा आकडा देते. मी शेवटचा यूजर उडवला, दुसऱ्या दिवशी नवा काढला, तर त्याला नेमका तोच आकडा मिळाला. जुन्या मशीनची डिस्क फाइल अजून तिथेच पडलेली होती आणि तिचा मालक झाला हा नवा पाहुणा! फाइलवर नाव लिहिलेलं नसतंच, आकडा असतो. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, नाव माहीतच नसतं. नाव पासवर्ड फाइलीत (जिच्यात पासवर्ड कधीचेच उरलेले नाहीत) आपल्या सोयीसाठी असतं.

मग नावांची उठाठेव करायचीच कशाला? एक मूळ आकडा धरायचा, त्यात मशीनचा क्रमांक मिळवायचा, झाला यूआयडी. झेन या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रणालीवाल्यांनाही हेच हवं होतं. २०१८ मध्ये आलेल्या क्यूएमू २.१२ पासून 'रनॲज' (कुठल्या यूजरखाली चालायचं ते सांगणाऱ्या) या पर्यायाला नावाऐवजी 'यूआयडी:जीआयडी' (यूजरचा आकडा, ग्रुपचा आकडा) अशी जोडी देता येते, पासवर्ड फाइलीत नोंद असो वा नसो. नुसता एकटा यूआयडी मात्र चालत नाही. नोंदच नाही, तर मुख्य ग्रुप तो कुठून शोधणार?

मूळ आकडा मी ऐटीत २,००,००० घेतला. दिसायला छान. दोन दिवसांनी सबयूआयडीची फाइल (कुठल्या यूजरला कोणते जादा यूआयडी दिलेत त्याची यादी) सहज उघडली आणि कपाळाला हात लावला. रूट, म्हणजे सर्वाधिकारी यूजर, न होता कंटेनर (वेगळ्या कप्प्यात चालणारे प्रोग्रॅम) चालवता यावेत म्हणून प्रत्येक यूजरला ६५,५३६ आकड्यांचा पट्टा आपोआप मिळतो. पहिल्याचा १,००,००० पासून, तर दुसऱ्याचा १,६५,५३६ ते २,३१,०७१. म्हणजे माझी मशीनं दुसऱ्याच्या अंगणात मांडी घालून बसलेली. आता मूळ आकडा ७०,००० आहे.

पुढची ठेच माझ्याच पायथन स्क्रिप्टने दिली. लॉगमध्ये मालकाचं नाव छापायची हौस होती, म्हणून मी यूआयडीवरून नाव विचारत होतो. नोंद नाही म्हटल्यावर 'की-एरर' आला आणि स्क्रिप्ट तिथेच आडवी. सी भाषेत तर रिकामा पॉइंटर हातात येतो आणि न तपासता तो वापरला की प्रोग्रॅम कोसळतो. नाव नसेल तर आकडा छापा, एवढंच करायचं असतं. एका ओळीचं काम.

खरा वेळ खाल्ला तो आयएसओ फाइलीने, म्हणजे मशीनला सीडी म्हणून दिलेल्या फाइलीने. मशीन क्रमांक ७ व्यवस्थित सुरू झालं, तीन दिवस चाललं. मग क्यूएमूच्या मॉनिटरमधून (चालत्या मशीनला आज्ञा द्यायची जागा) सीडी बदलायला गेलो तर 'परमिशन डिनाइड'. फाइल तीच, फोल्डर तोच, आणि सुरुवातीला तर याच फोल्डरातली सीडी लागली होती! तासभर फोल्डरच्या परवानग्याच उलटसुलट केल्या. कारण वेगळंच होतं. क्यूएमू रूट म्हणून सुरू होतो, डिस्क आणि सीडी तेव्हाच उघडतो आणि रूटपण नंतर सोडतो. सुरुवातीची सीडी रूटच्या जोरावर उघडली होती. तीन दिवसांनी तोच प्रोग्रॅम ७०००७ होता.

पण जुना नावाचा यूजरही रूट नव्हता, तरी त्याला सीडी बदलता यायची. का? कारण तो आयएसओच्या ग्रुपमध्ये होता. नाव दिलं की क्यूएमू त्या नावाचे सगळे जादा ग्रुप शोधून लावतो. आकडा दिला की शोधणार कुठे? तो जुने ग्रुप पुसतो आणि दिलेला एकच जीआयडी ठेवतो. पुसतो हे बरंच, नाहीतर रूटचे ग्रुप अंगाला चिकटून राहिले असते. मी जोडीतला जीआयडी आयएसओच्या ग्रुपचा केला आणि डिस्क फाइलींवरची ग्रुपची परवानगी काढून टाकली, कारण आता तो ग्रुप सगळ्या मशीनांचा एकच झाला.

लिबव्हर्टमधून (व्हर्च्युअल मशीन सांभाळणारं साधन) क्यूएमू चालवणाऱ्यांनी एक खूण लक्षात ठेवावी: आकड्याआधी अधिकचं चिन्ह लावायचं, '+७०००७' असं. ते नसेल तर आधी त्या नावाचा यूजर शोधला जातो, आणि आकड्यासारखं नाव ठेवणारे महाभाग असतात.

परवा एका सहकाऱ्याने 'पीएस'ची, म्हणजे चालू प्रोग्रॅमांची, यादी बघून फोन केला, "अरे, हा ७०००७ कोण घुसलाय?" त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग एक यूजर बनवून टाक ना त्या नंबरचा."