दिवा चालू आहे

परवा दुपारी पुण्यात कर्वे पुतळ्यापाशी वळून वारज्याच्या दिशेनं येत होते. तीनची वेळ, ऊन मी म्हणत होतं. समोरून स्कूटरवर एक आजोबा आले. माझ्याकडे बघत त्यांनी डावा हात हँडलवरून उचलला आणि पंजा दोन-तीनदा उघडला, मिटला. तान्ह्या बाळाला टाटा करताना आपण बोटं हलवतो ना, अगदी तसा.

किती वर्षांनी दिसली ही खूण! माझा उजवा अंगठा आपोआप बटण शोधायला गेला. तिथं आता बटण नाही, नुसतं गुळगुळीत प्लास्टिक आहे. मनातल्या मनात म्हटलं, आजोबा, कुठल्या जमान्यात आहात? 1 एप्रिल 2017 पासून निघालेल्या प्रत्येक दुचाकीचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर लागतो आणि इंजिनाबरोबरच विझतो. मधे आपल्याला विचारत नाही. पण तोवर आजोबा मागे गेले होते.

तो 2017चा मार्च आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये अजून निघतो. शेजारच्या काकांनी पाडव्याला, म्हणजे 28 मार्चला, शास्त्रापुरती पूजा करून नवी गाडी आणली. 29ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की 1 एप्रिलपासून बीएस-तीन, म्हणजे धुराच्या जुन्या निकषाच्या, गाड्या विकता येणार नाहीत. मग 30 आणि 31 तारखेला शोरूमसमोर जी झुंबड उडाली, ती लग्नाच्या बस्त्यालाही उडत नाही. काही गाड्यांवर वीस हजारांच्या वर सूट. माझा दीर सकाळी सातला रांगेत उभा राहिला आणि दुपारी रंग न विचारता गाडी घेऊन आला. ‘धूर काय, सगळ्यांच्याच गाड्या सोडतात,’ असं म्हणून त्यानं पेढे वाटले. काकांनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. पुढं वर्षभर ते पाडव्याला साडेतीन मुहूर्तांतून वगळावं अशा मताचे होते.

मी घाई न करता मे महिन्यात गाडी घेतली. त्यामुळं मला बीएस-चार इंजिन मिळालं आणि न विझणारा दिवा मिळाला. पहिल्या आठवड्यात मला निदान शंभर जणांनी हाताची खूण केली असेल. रिक्षावाले, दूधवाले, शाळेतून सुटलेली पोरं, एकदा तर सिग्नलला उभ्या असलेल्या पीएमटीच्या खिडकीतून एका बाईंनी. सुरुवातीला मी मान डोलवायचे. मग ‘तो तसाच असतो हो’ असं ओरडून सांगायचे. शेवटी नुसतं हसायला लागले. लोकांनी मग स्वतःच्या गाड्या घेतल्या, त्यांना इतरांनी खुणा केल्या, आणि दोन-तीन वर्षांत सगळं शहर गप्प झालं.

तोवर पार्किंगमध्ये चर्चा मात्र भरपूर झाली. बॅटरी बसेल. पेट्रोल जास्त खाईल. भर उन्हात सूर्यापुढे काजवा कशाला मिरवायचा? मी कुठंतरी वाचलेलं सांगून बघितलं, की ट्रकवाल्याला आरशात दुचाकी लवकर दिसावी म्हणून हे आहे, आणि स्वीडनमध्ये 1977 पासून मोटारीसुद्धा दिवसा दिवे लावून चालतात. काका म्हणाले, ‘तिथं सूर्य उगवतोच कुठं?’ यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. दिरानं ओळखीचा मेकॅनिक शोधून ठेवला होता, जो शे-दीडशे रुपयांत दिव्याला वेगळं बटण बसवून देत असे. दिराच्या स्वतःच्या गाडीला बटण होतंच. ही त्याची समाजसेवा होती.

आमचं हे असं आहे. कुठलाही नियम आला की आधी त्याच्यामागे ‘सक्ती’ चिकटते. हेल्मेटसक्ती हा शब्द तर इतका एकजीव झालाय की पुण्यात नुसतं ‘हेल्मेट’ म्हटलं की पुढचा शब्द ऐकणारा मनात पुरा करतो. 2019च्या जानेवारीत सक्ती पुन्हा सुरू झाली तेव्हा लोकांनी चक्क पगड्या घालून दुचाकीवर निषेध केला. केस गळतात, मान दुखते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, आणि गावात कुठं तीसच्या पुढं गाडी जाते! त्याच वर्षी सप्टेंबरात दंड वाढले. गुरुग्रामच्या एका स्कूटरवाल्याला 23,000 रुपयांची पावती फाडली आणि तो म्हणाला, स्कूटरच 15,000ची आहे. पीयूसी नसली तर दहा हजार म्हटल्यावर, इतकी वर्षं माश्या मारत बसलेल्या पीयूसीच्या गाड्यांसमोर रांगा लागल्या. महाराष्ट्रात निवडणूक तोंडावर होती, त्यामुळं नवे दंड आपल्याकडे यायला 2021चा डिसेंबर उजाडला. जुन्या गाड्यांना लावायच्या परवा-परवाच्या नव्या नंबरप्लेटचं तेच. मुदत 31 मार्च 2025. मग 30 जून, मग 15 ऑगस्ट, मग 30 नोव्हेंबर. मुदतवाढ मिळणारच हे ज्यांना ठाऊक होतं ते निवांत होते. मी आपली फेब्रुवारीतच लावून आले आणि घरात हसं करून घेतलं.

गंमत अशी की हीच माणसं एकमेकांवर काय सक्ती करायची! सरकारनं सांगितलं तर जाच, आणि अनोळखी माणसानं चालत्या गाडीवरून ओरडून सांगितलं तर उपकार. ‘काका, स्टँड!’ ‘ताई, ओढणी!’ ‘ओ भाऊ, लाइट!’ या तीन आरोळ्यांवर आमच्या पिढीची वाहतूक चालली.

माझे बाबा यातले मोठे अधिकारी. आमच्याकडे प्रिया स्कूटर होती. आमच्या साताऱ्यातच तयार व्हायची ती, तरी नंबर लागायला वर्षं गेली होती. सकाळी तिला आधी एका कुशीवर कलती करायची, मग किका मारायच्या, मग ती निळा धूर सोडून चालू व्हायची. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, त्याचा तो गोडसर जळका वास. मला तो फार आवडायचा. अजूनही कुठं जुनी टू-स्ट्रोक पुढून गेली की मी दोन क्षण श्वास रोखण्याऐवजी ओढून घेते. असं लिहू नये, पण खरं आहे.

एकदा आम्ही लग्नाला निघालो होतो. मी पुढं उभी, आई मागं पैठणी सावरत. राजवाड्यापाशी वळायचं, तर आमच्या पुढून एक राजदूत मोटरसायकल गेली, साइड स्टँड खाली लोंबतोय. बाबांनी हाक मारली. राजदूतच्या आवाजापुढं ती कुठली ऐकू जायला! मग बाबांनी वळण सोडलं आणि पाठलाग सुरू केला. आई म्हणाली, ‘अहो, मुहूर्त!’ बाबा म्हणाले, ‘डावीकडं वळला की आडवा होईल तो.’ मी हॉर्न दाबत होते. ते खातं माझ्याकडं असायचं. पार पोवई नाक्यावर आम्ही त्याला गाठलं. तो माणूस गाडी थांबवून अतिशय नम्रपणे म्हणाला, ‘स्प्रिंग तुटलीय हो. तारेनं बांधला तरी सुटतोय. तीच बसवायला इथं आलोय. सकाळपासून तुम्ही नववे.’

आम्ही पोहोचलो तेव्हा अक्षता पडून पंगत बसली होती. आई जेवणभर बोलली नाही. मठ्ठा वाढणाऱ्यालाही तिनं हातानंच नको म्हटलं.

याच बाबांना मी पुढं पुण्याहून आयएसआयचं हेल्मेट नेऊन दिलं, तर त्यांनी ते उलटं करून फडताळात ठेवलं आणि त्यात लसूण भरला. ‘हवा चांगली खेळते,’ म्हणाले.

ओढणीचं मात्र मी हसण्यावारी नेत नाही. कॉलेजात आमच्या वर्गातली एक मुलगी लुनावरून जाताना तिची ओढणी मागच्या चाकात गेली. ती वाचली. त्यानंतर मी तिला कधी उघड्या गळ्याचं काही घातलेलं बघितलं नाही, मेच्या उन्हातसुद्धा. दुचाकीच्या मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकलेला हवा, कपडे अडकू नयेत म्हणून, असा नियम आहे. साडी गार्ड म्हणतात ती जाळी. पुष्कळ पोरं नवी मोटरसायकल आली की दिसायला बरं नाही म्हणून आधी तीच काढून टाकतात. त्या मुलीला कुणी ‘ताई, ओढणी’ म्हणून हाक मारली होती का, हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. नंतर विचारवलं नाही.

आता स्टँड खाली असेल तर माझी गाडी सुरूच होत नाही. दिवा लागलेलाच असतो. ओढण्या घालणाऱ्या मुली कमी झाल्या, आणि ज्या घालतात त्यांच्या हेल्मेटच्या आत कानात गाणं चालू असतं. म्हणजे ओरडायचं तरी काय आणि कुणासाठी? बाबा असते तर बेकार झाले असते. या विचारानं मला त्या आजोबांची जरा कीवच आली. बिचारे, अजून ड्यूटीवर आहेत, आणि त्यांच्या खात्यात कामच उरलेलं नाही. आपण निदान मान तरी डोलवायला हवी होती.

अशी हळवी होत मी घरी पोहोचले. गेटमधून आत शिरले तर वॉचमननं मोबाइलमधून मान वर केली आणि उजव्या हाताचा पंजा उघडला, मिटला, उघडला, मिटला.

‘तो तसाच असतो हो,’ मी म्हटलं.

‘दिवा नाय म्हणत ताई. इंडिकेटर चालूय तुमचा. उजवा.’

कर्वे पुतळ्यापासून.