राजाखालचा ठिपका

हळदीच्या व्यापाऱ्यांना हिशेबाची सॉफ्टवेअर करून देणं हा माझा धंदा. विश्रामबागेत घरातलीच एक खोली, दोन कॉम्प्युटर. त्यामुळे गावभागातल्या एका काकांनी पिशवीतून दोन जुन्या वह्या काढून "ह्यातले पट कॉम्प्युटरवर घालून देशील का?" असं विचारलं, तेव्हा मी भाव न ठरवताच हो म्हणून बसले. बुद्धिबळ मी शाळेत खेळले आहे. सांगलीत ते न खेळता मोठं होणं अवघडच, बुद्धिबळासाठी झटलेल्या भाऊसाहेब पडसलगीकरांचं गाव हे.

वह्या काकांच्या वडिलांच्या. पानाला एक पट, एका बाजूची अक्षरं लाल शाईत, दुसरीची काळ्या. खाली फक्त 'एका चालीत मात' किंवा 'तिसऱ्या चालीला प्यादेमात'. उत्तरं शेवटच्या पानांवर होती. २०१९च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा काकांच्या घरातही पाणी शिरलं आणि ती पानं लगद्यासारखी झाली. बाकीची वाळवून वाचवली, पण डागांसकट. डाव सगळे देशी पद्धतीचे. पुण्यातल्या नातवाला ते सोडवायला द्यायचे होते.

मला वाटलं, यात काय आहे? पटावरची स्थिती एका ओळीत लिहायची रीत जगात कधीचीच आहे. एकोणिसाव्या शतकात डेव्हिड फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश पत्रकारानं ती काढली, पुढे स्टीव्हन एडवर्ड्सनं कॉम्प्युटरसाठी पक्की केली. दोघांच्या नावांवरून तिला 'फेन' म्हणतात. आठव्या ओळीपासून खाली यायचं, सोंगटीला अक्षर, रिकाम्या घरांना आकडा, ओळ संपली की तिरकी रेघ. पांढऱ्याची अक्षरं मोठ्या लिपीत, काळ्याची लहान.

पहिली ठेच इथेच. काकांना सगळं मराठीत हवं होतं आणि देवनागरीत मोठी लिपी कुठून आणायची? आधी काळ्याला काना दिला : ह लाल हत्ती, हा काळा हत्ती. काकांनी एक ओळ मोठ्यानं वाचली, "हा घा उा वा..." आणि म्हणाले, "अगं, हे काय भूत उतरवतेयस?" मग अनुस्वार. र, व, ह, उ, घ, प लाल. रं, वं, हं, उं, घं, पं काळे. वाचताना मंत्र म्हटल्यासारखं वाटतं, पण प्रोग्रामला सोपं पडतं. अक्षरामागे अनुस्वार आला की सोंगटी काळी.

फेनच्या पुढच्या रकान्यांत मी सरळ कात्री चालवली. देशी डावात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालतं, म्हणजे 'आँ पासाँ'चं, दोन घरं उडालेलं प्यादं वाटेतच मारायचं, घर लिहायचा प्रश्न नाही. किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं, तेही नाही, म्हणून तोही रकाना उडवला. चाल कुणाची एवढं ठेवलं, लाल असेल तर ल, काळ्याची असेल तर क. चार दिवसांत सगळे पट टंकून मोकळी झाले. स्वतःवर खूशही होते.

शनिवारी काका आपला लाकडी पट घेऊन आले. म्हणाले, वही मिटून ठेव, तुझ्या ओळीवरून मी पट मांडतो. ही तपासणी मला सुचायला हवी होती. पहिले सहा पट बरोबर उतरले. सातवा असा होता :

८/८/८/८/८/८/५प१पं/ह३र२रं ल

म्हणजे तळच्या ओळीत डावीकडून लाल हत्ती, तीन घरं सोडून लाल राजा, दोन सोडून काळा राजा. वरच्या ओळीत लाल राजाच्या उजव्या तिरप्या घरात लाल प्यादं आणि काळ्या राजाच्या डोक्यावर त्याचंच प्यादं. एका चालीत मात.

"कशी?" काका म्हणाले.

राजा बाजूला झाला की हत्तीचा शह बसतो, एवढं दिसत होतं. पण तो वर सरकला तर काळा राजा तिरपा निसटतो. त्याला अडवायचं घर नेमकं आपल्याच प्याद्यानं धरलेलं. मी बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामला, इंजिनला, विचारलं. त्यानंही एका चालीत मात नाही म्हणून सांगितलं. माझं टंकन चुकलं असणार, म्हणून वही उघडली. टंकन बरोबर होतं.

काकांनी चष्मा वर केला, लाल राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवून प्याद्याच्या वरच्या घरात ठेवला. हत्तीचा शह. तिरपं घर राजाच्या माऱ्यात. मात!

आमच्याकडे राजाला एक उडी असते, ते म्हणाले. डावात एकदाच, आणि तोवर शह खाल्लेला नसेल तरच.

मी कपाळावर हात मारला. उडी शिल्लक आहे का, हे पटाकडे बघून कुणालाच कळणार नाही. किल्लेकोटाचा हक्कही असाच न दिसणारा, फेनमध्ये त्याला वेगळा रकाना आहे तो त्यासाठीच. तोच रकाना मी फाजील म्हणून काढून टाकला होता. जगज्जेत्या बॉबी फिशरच्या ९६० मांडण्यांच्या खेळात हत्ती कोपऱ्यात असेलच असं नाही, तेव्हा लोकांनी त्या रकान्यात हत्तीच्या उभ्या पट्टीचं अक्षर लिहायला सुरुवात केली. क्रेझीहाऊस नावाच्या प्रकारात मारलेल्या सोंगट्या पुन्हा पटावर येतात, म्हणून त्या कंसात मांडतात. हे सगळं मी वाचलेलं होतं बरं का.

"पण तुमच्या वडिलांनी उडीचं कुठे लिहिलंय?"

काकांनी बोट ठेवलं. लाल 'रा'च्या खाली टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका. असे ठिपके मला बऱ्याच पानांवर दिसले होते. पुराचे डाग म्हणून मी ते सोडून दिले होते.

मग संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं भिंग घेऊन बसलो. शाईचा ठिपका आतपर्यंत मुरलेला, मागच्या बाजूला उमटलेला. गाळाचा डाग वरवरचा, नखानं खरवडला तर पूड होणारा. चहा दोनदा झाला. उडीचा रकाना परत आणला : लाल राजाची उडी बाकी तर र, काळ्याची तर रं, कुणाचीच नाही तर आडवी रेघ. ओळीच्या सुरुवातीला 'देशी' असा शब्दही जोडला. तो नसेल तर हीच अक्षरं दुसऱ्या नियमांनी वाचली जातील आणि सातव्या पटाचं उत्तर कुणालाच सापडणार नाही.

एक पान मात्र अडलं. राजाखालचा कागदच गेलेला, तिथे भोक. उडी धरली तर तीन चालींत मात होते, न धरली तर आम्हाला काही सापडली नाही.

"बाबा न सुटणारा पट लिहिणार नाहीत. र लिही," काका म्हणाले.

मी र टंकलं. काका थोडा वेळ भोकाकडे बघत राहिले. "नको, खोड ते. त्यांनी काय काढलं होतं, ते मी कुठं पाहिलंय?"

आडवी रेघही चालणार नव्हती, तिचा अर्थ 'उडी नाही' असा. शेवटी त्या रकान्यात प्रश्नचिन्ह टाकलं आणि प्रोग्राममध्ये त्याच्यासाठी वेगळी सोय केली.

नातवाचा परवा पुण्याहून फोन होता. बाकीचे पट त्यानं हातावेगळे केले, त्या एकाशी झटतोय. "ताई, उडी आहे का नाही ते तरी सांगा."

मी म्हटलं, "आजोबांना विचार." तो म्हणाला, त्यांनीच तुम्हाला विचारायला सांगितलंय.