गाडी किती शांत होईल?

"पूर्ण गाडी डॅम्पिंग केली तर मोठ्या गाडीसारखी शांत होईल का हो?" जालन्यात गाड्यांच्या ॲक्सेसरीजचं दुकान आहे म्हटल्यावर लग्नाच्या पंगतीतही हेच विचारतात. डॅम्पिंग म्हणजे पत्र्याची थरथर जिरवायला आतून शीट चिकटवणं. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: तेवढी नाही होणार.

आधी दाराचा बाहेरचा पत्रा बोटाने वाजवून बघा. 'टण्ण' झालं की समजायचं, पत्रा थरथरतोय. आतून ब्यूटाइल रबराची 2 मिलिमीटरची शीट, वर ॲल्युमिनियमचा वर्ख असलेली, चिकटवून रोलर दाबून फिरवला की तोच पत्रा 'ठप' वाजतो. थरथर रबरात जिरते. त्यासाठी पत्रा कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत मढवावा लागत नाही, मधला 30-40 टक्के भाग झाकला तरी बहुतेक काम होतं. (आम्ही दुकानदार हे आपणहून सांगत नाही.) मात्र दाराच्या खालच्या कडेची पाणी निघायची भोकं बुजवू देऊ नका, दार आतून गंजतं. आणि स्वस्त डांबरी शीट नकोच. आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ती मऊ पडते, वास मारते.

समृद्धी महामार्गावर शंभरच्या पुढे जे घोंघावतं, ते बरंचसं टायर आणि काँक्रीटचं. ते फरशीतून, चाकांच्या वरच्या पत्र्यातून आत येतं. त्याला वजनदार, सलग थर लागतो. फट राहिली की पैसे पाण्यात. थराचं वजन दुप्पट केलं तरी आवाज फार तर 6 डेसिबलने उतरतो, अन् कानाला निम्मा वाटायला साधारण 10 लागतात. म्हणून टायर घासलेले असतील तर आधी तेच बदला. दाराच्या रबरात नोट धरून दार लावा. नोट सहज ओढता आली तर रबर बदला. दोन्हींत माझा धंदा नाही, तरी सांगतो.

अंबडचे एक गिऱ्हाईक काम केल्यावर आठवड्यात परत आले. "सगळं गप झालं, अन् आता हे नवंच किरकिर करायलंय."

"नवं नाही मामा, आधीचंच आहे. मोठ्या आवाजात दबलं होतं."

अर्धा तास शोधलं. हँडब्रेकजवळच्या फटीत दहाचं नाणं निघालं. मामांनी ते मजुरी म्हणून माझ्याच हातावर ठेवलं.