पिशवीतून आलेल्या दोन गाड्या

पंधरा वर्षं डेंटिंग-पेंटिंग करतोय, पण गिऱ्हाईक गाडी पिशवीतून घेऊन आलं ते त्या दिवशी पहिल्यांदाच. दोघं सख्खे भाऊ, साठीच्या घरातले. टॉवेलात गुंडाळलेली वीतभर लांबीची दोन मॉडेलं त्यांनी बाकड्यावर ठेवली. लाल फेरारी एफ-40 अण्णांची, चंदेरी पोर्शे 959 धाकट्याची. नातवानं शोकेसचा कप्पा ओढला आणि दोन्ही फरशीवर.

एरवी असलं काम मी घेत नाही. नखाएवढ्या चट्ट्यासाठी रंगाची गन धुण्यातच अर्धा तास जातो. पण एप्रिलचं ऊन, गॅरेज रिकामं. घेतलं.

पोर्शेनं छळलं. चंदेरी मेटॅलिकला टचअप चालत नाही, डाग उठून दिसतोच. सगळं बॉनेट परत मारलं, वर लॅकर. फेरारीलाही तसेच तीन हात द्यायला निघालो, तर अण्णांनी हात धरला. "मिस्त्री, एवढं जाड नको. खऱ्या गाडीवर रंग इतका पातळ की खालची कार्बन-केवलारच्या धाग्यांची वीण दिसते. वजन वाचवलंय."

मला हसू आलं. आमचा धंदाच झाकायचा. पुट्टी भरा, घासा, वर आरसा करा. कोटींची गाडी आणि धागा दिसतो? अण्णांनी फोनवर फोटो मोठा करून दाखवला. लाल रंगाखाली खरंच कापड होतं.

"आणि दार आतून उघडायला दोरी ओढायची," धाकटे म्हणाले. "गालिचा नाही, रेडिओ नाही. केवलार माझ्या गाडीतही आहे, पण नीट झाकलेलं. पुढच्या चाकांना किती जोर द्यायचा, मागच्यांना किती, ते कॉम्प्युटर ठरवतो. टायरची हवा कमी झाली तर गाडीच सांगते. 1986 ला पॅरिस-डाकारची रॅली मारली!"

"तुझे 450 हॉर्सपॉवर, माझे 478. तुझी ताशी 317 ला थांबते, माझी 324 ला."

"सात किलोमीटरसाठी पाठ मोडून घ्यायची का बे अण्णा?"

"कंपनी काढणाऱ्या एन्झो फेरारीच्या देखत निघालेली शेवटची गाडी आहे ती. 1987 ला आली, 88 ला म्हातारा गेला."

"तुमच्या तेराशेच्या वर काढल्या. आमच्या साडेतीनशेसुद्धा नाहीत!"

मला कुणी विचारलं नाही, पण माझं मत पोर्शेला. ती उंची कमी-जास्त करते म्हणे. आमच्या स्पीडब्रेकरवर तीच टिकेल. शिवाय झाकणारे जर्मन म्हणजे आमच्याच धंद्यातले.

फेरारीवर मात्र एकच हात मारला. दुसऱ्यासाठी बोट गनवर शिवशिवत होतं. अण्णा समोरून हलले नाहीत.

तो फोटो मी मागून घेतला होता. वडिलांची उभी हयात चादरीच्या मागावर गेली; एक धागा चुकला तरी शेठ पैसे कापायचा. रात्री त्यांना दाखवला. चष्मा पुसून, फोन नाकाशी धरून बराच वेळ बघत बसले.

"ताणा कुठं ढिला नाही," म्हणाले. "कुठल्या मिलचं?"